तिकिटांवरचा तांबेरा
आजोबांचा अल्बम पावसाळ्यात कसा जपाल?

गणपतीला आम्ही राजापूरकडच्या आमच्या जुन्या घरी गेलो होतो. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली, तर तिच्या तळाशी आजोबांचा पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम सापडला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींच्या चार तिकिटांचा संच निघाला होता. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशा त्यांच्या किमती. दहा रुपयांचे आजोबांच्या आवाक्याबाहेरचे होते. बाकीची तीन त्यांनी हौसेने घेतली होती. पान उलटले आणि जीव हळहळला. तिन्हींवर तपकिरी ठिपके! त्यातले एक तर पानाला असे चिकटले होते की उचलू जाताच फाटले.

घाटावर दिलेली आमची आत्या बघून म्हणाली, "अरे, हा तर गव्हावरचा तांबेरा!"

आत्याचे बोलणे अगदीच चुकीचे नव्हते. तिकिटे जमवणारेही या डागांना गंज किंवा तांबेराच म्हणतात. गव्हाचा तांबेरा जिवंत रोपावर जगतो. ही बुरशी निराळी, ती कागदावर आणि डिंकावर पोसते. कागदात लोखंडाचे बारीक कण असले तर दमट हवेत तेही गंजून डाग पाडतात. दोन्हींचे मूळ एकच, ओल. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला फावते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती याहून कितीतरी जास्त असते. शिवाय जुन्या तिकिटांच्या पाठीचा डिंक हवेतले पाणी ओढून घेतो. म्हणून ती चिकटतात.

धान्य साठवण्याआधी आपण ते खडखडीत वाळवतो. हाच न्याय तिकिटांना लावा.

जागा कोणती?
अल्बम माळ्यावर, जमिनीलगत किंवा पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला टेकून ठेवू नका. घराच्या मधल्या, कोरड्या खोलीतले कपाट उत्तम. अल्बम आडवे रचू नका, दाबाने तिकिटे चिकटतात. पुस्तकासारखे उभे ठेवा आणि ते फार दाटीने कोंबू नका.

ओल कशी शोषावी?
घट्ट झाकणाच्या डब्यात अल्बमाशेजारी सिलिका जेलची पुरचुंडी ठेवा. रंग बदलणारे जेल घेतलेत तर ते ओले झाले की लगेच कळते. निळे जेल गुलाबी होते. ते मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होते. मात्र त्याच्या निळ्या रंगात विषारी द्रव्य असते. म्हणून स्वयंपाकाची कढई वापरू नका आणि पुरचुंडी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

वारा केव्हा द्यावा?
पावसाळ्यात अल्बम उगाच उघडू नका. पाऊस सरून हवा कोरडी झाली की घरात सावलीत पाने उघडून तासभर वारा द्या. धान्याला ऊन दाखवतो तसे तिकिटांना मात्र दाखवू नका, रंग उडतो. तिकिटे घामट बोटांनी न धरता चपट्या टोकाच्या चिमट्याने उचला.

हे टाळा
साधे प्लॅस्टिकचे पाकीट, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन या तिन्ही गोष्टी घातक आहेत. काही प्लॅस्टिके कालांतराने तेलकट होऊन रंग ओढतात. डांबराच्या गोळ्या तिकिटांना लागून ठेवू नका. डाग घालवण्यासाठी ब्लीचिंगचे पाणी लावू नका. डागाबरोबर छपाईचा रंगही जाईल. न वापरलेले तिकीट पाण्यात बुडवलेत तर डिंक जाईल आणि मोलही उतरेल.

डागाळलेले तिकीट दिसताच ते बाजूला काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. वर भुरा साचला असेल तर घराबाहेर, नाकाला फडके बांधून, मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झाडा. पडलेला डाग सहसा जात नाही, पण शेजारची तिकिटे वाचतात.

आम्ही तसेच केले. उरलेली दोन गांधी-तिकिटे डागांसह जपून ठेवली आहेत. आता आमचा धाकटा दर दिवाळीला पुरचुंडीचा रंग तपासतो. त्याच डब्यात आम्ही आजोबांची पत्रे आणि जमिनीची जुनी खरेदीखतेही ठेवली आहेत. ओलीला तिकीट काय आणि दस्त काय, दोन्ही सारखेच! या दसऱ्याला तुमचीही ट्रंक एकदा उघडून बघा.