शिकविण्याचा अधिकार : बायबलातील स्त्रिया आणि पंडिता रमाबाई

सातारा-सांगलीकडे ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की पुष्कळांना आठवतो तो मिरजेचा दवाखाना. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी तो उभारला आणि तेथील परिचारिकांची ख्याती कृष्णाकाठच्या गावोगाव पोहोचली. त्यामुळे ख्रिस्ती स्त्री म्हणजे सेवा करणारी स्त्री, असे समीकरण आपल्या मनात बसले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. स्त्रीने सेवा करावी याला कोणाचीच हरकत नसते. तिने शिकवावे, निवाडा द्यावा, धर्मग्रंथाचा अर्थ सांगावा, असे म्हटले की वाद उभा राहतो. ज्या सातारा जिल्ह्यातील नायगावी १८३१ मध्ये सावित्रीबाई फुले जन्मल्या, तेथील श्रोत्यांना हे निराळे सांगावयास नको.

बायबल याविषयी काय सांगते? जुन्या करारातील दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसून लोकांचे निवाडे करीत असे. शत्रूवर चालून जाण्याची वेळ आली तेव्हा सेनापती बाराक म्हणाला, तू येशील तरच मी जाईन. पुढे योशीया राजाच्या काळी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. त्याचा निर्णय विचारण्यासाठी राजाने खुद्द मुख्य याजकाला पाठविले ते हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे. ग्रंथ पुरुषांच्या हाती होता. त्याचा अर्थ स्त्रीने सांगितला.

परंतु दुसरा सूरही आहे, तो आम्ही लपविणार नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असे पौल म्हणतो. तोच पौल रोमकरांस लिहिताना किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची आदराने शिफारस करतो. मग यांतील कोणते वचन धरावयाचे? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. आमच्या एका मराठी स्त्रीच्या वाट्याला तो प्रत्यक्ष आला.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात राहू लागल्या. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना निघताच हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला. कलकत्त्यात पंडितांच्या सभा जिंकलेल्या, १८८२ मध्ये पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष दिलेल्या या बाईंना तो कसा मानवावा? धर्म स्वीकारला म्हणून आपली विवेकबुद्धी गहाण टाकली नाही, अशीच भूमिका त्यांनी पत्रांतून घेतली.

मायदेशीही संघर्ष सुटला नाही. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदासदन पुढे पुण्यास गेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून सल्लागार मंडळातील रानडे व भांडारकर यांनी अंग काढून घेतले. पालकांची भीती अकारण होती असे आम्ही म्हणणार नाही. मुलगी आपल्या धर्माची राहील की नाही, ही चिंता खरीच होती. तरीही दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली-बायकांना केडगावच्या मुक्तिसदनात आसरा मिळाला, हेही तितकेच खरे.

तेथेच रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. साध्या बाईला कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा कटाक्ष. १९२२ मध्ये काम पुरे झाले आणि त्याच वर्षी त्या वारल्या. ग्रंथ छापण्याचे काम आश्रमातील स्त्रियांनीच केले. हुल्देने ग्रंथाचा अर्थ सांगितला. रमाबाईंनी तो सामान्य स्त्रीच्या हाती दिला.

रमाबाईंच्या मनाला भिडलेली कथा शोमरोनी स्त्रीची होती. विहिरीवर आलेल्या या बाईशी येशू बोलतो याचे शिष्यांना आश्चर्य वाटले. ती मात्र घागर तेथेच टाकून गावात गेली आणि तिच्या शब्दावर गाव बाहेर आले. श्रोतेहो, तिला बोलण्याची परवानगी कोणी दिली होती? तिच्याजवळ सांगण्यासारखे काही होते, आणि गावाने ते ऐकले. नेतृत्वाला या दोन्ही गोष्टी लागतात. त्यांतील दुसरी आपल्या हाती आहे.