वाघरीबाहेरचा राखणदार

शहागडच्या पुलावरून धुळे-सोलापूर महामार्ग गोदावरी ओलांडतो. अलीकडे जालन्याचा अंबड तालुका, पलीकडे बीडची गेवराई. दिवाळी सरली की गोदाकाठच्या काळ्या रानात मेंढरं उतरतात. पीक निघालेल्या वावरात कळप बसवायचा, रात्रभराच्या लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्यानं धान्य किंवा पैसे द्यायचे, हा जुना व्यवहार. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या नि नुकती जन्मलेली कोकरं. आणि मागं, कुणी न बोलावता चालणारी दोन-तीन कुत्री.

जात विचारली तर मेंढका म्हणतो, "गावठीच हाय." मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेल्या शिकारी कुत्र्याच्या नावे २००५ साली टपाल तिकीट निघालं, पुढं लष्करानंही त्याची पारख केली. धनगराच्या कुत्र्याच्या वाट्याला असलं काही आलं नाही. त्याची वंशावळ कुणी लिहीत नाही; पिल्लू मेंढरांत वाढलं, कोकराला तोंड लावलं नाही आणि अंधारात भुंकायला चुकलं नाही, की ते ठेवायचं.

मेंढरं वळवणं हे त्याचं काम नव्हे. विलायती चित्रफितींत दिसतं तसं ते कळपाभोवती धावत नाही. दिवसा ते बाभळीखाली आडवं पडलेलं असतं, पाहणाऱ्याला आळशीच वाटावं. संध्याकाळी वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, ठोकून झाली की त्याची पाळी सुरू होते. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून ते जाळीबाहेर बसतं. लांडग्याशी झुंजून जिंकावं अशी अपेक्षा कुणाचीच नसते. ओरडून माणूस उठवला, बॅटरी पेटली, काठी आपटली, की काम फत्ते. पण लांडगेही धूर्त. एक जण समोर येऊन कुत्री लांब ओढून नेतो, तेवढ्यात दुसरा मागून कोकरू उचलतो, हे मेंढक्यांच्या तोंडून अनेक ठिकाणी ऐकायला मिळतं. म्हणून जाणतं कुत्रं फार दूर पाठलाग करत नाही. काही जण गळ्यात खिळ्यांचा पट्टाही बांधतात. बिबट्या असेल त्या भागात तर हमखास.

गंमत अशी, की जाळीच्या आतबाहेरचे हे दोन वैरी एकाच कुळातले. आपला कुत्रा लांडग्यासारख्याच पूर्वजातून आला. ताडोबा-मेळघाटातला कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, मात्र वेगळ्या वंशाचा. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना त्याची एकेक दाढ कमी, शीळ घालून सोबत्यांना बोलावतो, आणि माणसानं त्याला कधी पाळीव केलं नाही. ऑस्ट्रेलियात डिंगोची पिल्लं आदिवासी कुटुंबं वाढवत. मोठी झाली की त्यातली पुष्कळ पुन्हा रानात जात. धनगराचं कुत्रं उलट, रानाच्या काठावर राहूनही रानात जात नाही.

खंडोबाच्या परिवारातही कुत्रा आहे. देवाचे वाघ्ये स्वतःला मल्हारीचे कुत्रे समजतात, जेजुरीला काही विधींत भुंकतातही. जर्मनीचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगर नि खंडोबा यांच्यावर आयुष्यभर काम केलं. मेंढपाळांचा देव कुत्र्याशिवाय पूर्ण होत नाही, याचं मला तरी नवल वाटत नाही.

आता मात्र रान आक्रसलं आहे. १९७६ साली जायकवाडी पूर्ण झालं, डाव्या कालव्याचं पाणी आलं, अंबडच्या या पट्ट्यात ऊस उभा राहिला. उसात मेंढरं बसवता येत नाहीत. भारतात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, पण गवताळ माळ आजही सरकारी कागदावर पडीक म्हणूनच नोंदला जातो. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे. त्याखेरीज कुत्र्यांचे रोग. डिस्टेंपरच्या विषाणूनं २०१८ साली गीरमधले सिंह दगावले. माळावरच्या लांडग्याचं काय? त्याला पकडून टोचणं अशक्यच. लस द्यायची ती मेंढक्यांच्या वाड्यावरच्या नि गावातल्या कुत्र्यांना. पण आज शहागडला, महिन्याभरानं दुसऱ्याच शिवारात असलेल्या बिऱ्हाडाचं कुत्रं कोणत्या गावच्या यादीत धरायचं, हे आधी ठरवावं लागेल.