घरच्या वाफ्यांतील बीट

मंडईंतून घरीं येणारें बीट बहुधा पानें छाटलेलें असतें. पानांसकट आलेंच, तर त्यांची रवानगी केराच्या टोपलींत होते. आणि त्याच पिशवींत पालकाची एक जुडी विकत आणलेली असते! या व्यवहारांत एक मौज आहे. आपल्या बाजारांतला देशी पालक हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें बीटाचा सख्खा भाऊच होय; दोहोंची जाति एक. एकाची निवड मनुष्यानें पानांसाठीं केली, दुसऱ्याची मुळासाठीं, एवढाच भेद. तेव्हां घरीं बीट लावणारास एकाच रोपावर दोन भाज्या मिळतात, ही गोष्ट मनांत धरून आज त्याच्या लागवडीचा व पाकाचा विचार करूं.

बीट हें थंडीचें पीक. देशावर पाऊस ओसरल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, तें पेरावें. ‘डेट्रॉईट डार्क रेड’ व ‘क्रिमसन ग्लोब’ हे वाण आपल्याकडे परिचित आहेत. वाफ्यास पांच-सहा तास ऊन हवें. जमीन काळी व चिकण असल्यास तींत वाळू आणि पुरतें कुजलेलें शेणखत मिसळून वाफा उंच करावा. ताजें शेण घालूं नये. त्यानें पाला माजतो व मुळास फांटे फुटतात. अंगण नसेल त्यानें २५ सेंटिमीटर खोल कुंडी घ्यावी.

बीटाचें बीं म्हणून आपण जें पेरतों, तें एक बीं नव्हे; तो वाळलेल्या फळांचा खडबडीत झुबका असून त्यांत दोन ते चार बिया दडलेल्या असतात. हे झुबके रात्रभर भिजवून दोन सेंटिमीटर खोल व १० सेंटिमीटर अंतरावर टोंकावे. आठ-दहा दिवसांनीं एकेका जागीं दोन-तीन रोपें वर येतात, आणि येथेंच पुष्कळांची बाग फसते. हौसेनें लावलेलें रोप काढून टाकावयास हात धजत नाहीं. शाळेच्या बागेंत मुलांना विरळणी करावयास सांगितलें, कीं तीं हटकून विचारीत, ‘गुरुजी, जिवंत रोप कां मारायचें?’ मी उत्तर न देतां एक ओळ विरळ करवीत असें व शेजारची तशीच ठेवीत असें. दोन महिन्यांनीं एका ओळींत लिंबाहून मोठे कंद निघत, दुसरींत उंदराच्या शेपटीसारखीं मुळें. उत्तर मातीच देई.

रोपें चार बोटें उंच झालीं, कीं प्रत्येक जागीं सर्वांत जोमदार तेवढें एक ठेवून बाकीचीं कात्रीनें बुडाशीं कापावींत. तींही वायां जात नाहींत. कोवळा पाला कोशिंबिरींत चालतो. पाणी थोडें पण नियमित द्यावें. कोरड पडल्यावर एकदम भरपूर दिल्यास कंद तडकतो. महिन्या-सव्वा महिन्यानंतर दर झाडाचीं बाहेरचीं एक-दोनच पानें खुडावींत, कारण कंदांत सांठणारी साखर पानेंच तयार करतात. साठ-सत्तर दिवसांनीं, ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचे झाले म्हणजे, कंद काढावे. फार राहिल्यास ते जून व दोरकट होतात.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. कंद शिजवितांना साल, शेपटी व दोन बोटें देंठ राखावे, नाहींतर रंग पाण्यांत उतरतो. शिजल्यावर साल बोटांनीं सुटते. फोडींत दहीं, मीठ, दाण्याचें कूट, हिरवी मिरची घालून वर तूप-जिऱ्याची फोडणी दिली, कीं कोशिंबीर झाली. लिंबानें रंग खुलतो, सोड्यानें बिघडतो. पानांची भाजी करतांना देंठ बारीक चिरून आधीं परतावे, मग पाला व भिजवलेली मुगाची डाळ घालावी. फोडणी लसणीची असावी.

१०० ग्रॅम कच्च्या पानांत सुमारें ११७ मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तेवढ्याच कंदांत सुमारें १६. लोहही पानांतच अधिक. मात्र त्यांतील ऑक्झॅलिक आम्लामुळें तें सारें अंगीं लागत नाहीं. पानें उकळून पाणी टाकल्यास हें आम्ल कमी होतें. मुतखड्याचा त्रास असणारांनीं डॉक्टरांस विचारूनच खावीं. बीट खाल्ल्यावर लघवी तांबूस झाली, तर घाबरूं नये. तो बीटाचाच रंग असतो.

एका कुंडीनें घराची भाजी भागणार नाहीं, हें उघड आहे. परंतु विरळणी मुलांच्या हातून करवा आणि पहिली पालेभाजी त्यांनाच वाढा. मग मंडईंतलें पानांचें बीट घरीं आलें, तर तीं पानें टोपलींत टाकूं देणार नाहींत.