हौशी रेडिओ : लहरींच्या वापरातील स्वयंशिस्त

हौशी रेडिओ-चालकांना आंतरराष्ट्रीय करारान्वये नेमून दिलेल्या लहरपट्ट्यांपैकी चाळीस मीटरचा पट्टा अतिशय गजबजलेला असतो. जगभर सामायिक असलेला त्याचा भाग ७,००० ते ७,२०० किलोहर्ट्झ एवढाच आहे. एका ध्वनिसंभाषणास सुमारे ३ किलोहर्ट्झ जागा लागते. म्हणजे सारा पट्टा संभाषणास दिला, तरी शेजारी-शेजारी जेमतेम पासष्ट संभाषणे मावतील. मोर्स संदेशास याच्या दशांशाहूनही कमी जागा पुरते.

चालकांच्या आवडी भिन्न असतात. कोणी दूरदेशीची क्षीण केंद्रे शोधतो, कोणी स्पर्धेत उतरतो, कोणी स्नेह्यांशी बोलतो, तर कोणी २०१७ पासून रूढ झालेल्या एफटी८ या संगणकीय पद्धतीने संदेश पाठवितो. यांत मेळ राहावा म्हणून १९२५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेच्या विभागीय शाखांनी पट्ट्यांची वाटणी सुचविली आहे. सामान्यतः खालचा भाग मोर्ससाठी, त्यावरचा अंकीय संदेशांसाठी आणि वरचा ध्वनीसाठी असतो. मात्र कोणतीही कंप्रता कोणा एकाच्या मालकीची नसते. प्रथम ऐकावे, ती वापरात आहे काय असे विचारावे आणि मगच बोलावे, हा संकेत आहे.

या शिस्तीचे मोल संकटकाळी कळते. डिसेंबर २००४ मध्ये दूरसंपर्काच्या हौसेने पोर्ट ब्लेअरला गेलेल्या हौशी चालकांनी त्सुनामीनंतर मदतकार्याचे संदेश पोहोचविले. असा क्षीण संदेश ऐकू येण्यासाठी इतरांनी ती लहर मोकळी सोडणे आवश्यक असते.