मोझांबिकमधील शहरी सुरक्षा आणि नैसर्गिक आपत्ती

मोझांबिक हा आफ्रिका खंडाच्या आग्नेय किनाऱ्यावरील विकसनशील देश असून त्याला हिंदी महासागराचा सुमारे अडीच हजार किलोमीटर लांबीचा किनारा लाभला आहे. राजधानी मापुतो, मध्य भागातील बेइरा बंदर आणि उत्तरेकडील पेंबा ही त्याची प्रमुख किनारी शहरे होत. चक्रीवादळे, महापूर, गुन्हेगारी, राजकीय अशांतता आणि उत्तरेतील सशस्त्र बंडखोरी या संकटांना ही शहरे गेली अनेक वर्षे तोंड देत आहेत. ही संकटे वेगवेगळी दिसत असली, तरी त्यांचा सर्वाधिक भार अनियोजित वस्त्यांत राहणाऱ्या गरीब लोकांवरच पडतो. त्यामुळे शहरी सुरक्षा व आपत्ती व्यवस्थापन हे येथे एकमेकांपासून अलग करता न येणारे प्रश्न बनले आहेत.

पार्श्वभूमी

पोर्तुगीज राजवटीपासून मोझांबिक २५ जून १९७५ रोजी स्वतंत्र झाला. त्यानंतर १९७७ ते १९९२ या काळात फ्रेलिमो पक्षाचे सरकार आणि रेनामो ही बंडखोर संघटना यांच्यात यादवी युद्ध झाले. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे झालेल्या शांतता कराराने ते संपुष्टात आले. युद्धकाळात ग्रामीण भागातून जीव वाचवण्यासाठी निघालेले लाखो लोक शहरांच्या आश्रयाला आले आणि बरेचसे तेथेच स्थायिक झाले.

वसाहतकाळात राजधानीचे नाव लोरेन्सु मार्किश असे होते. तिचे दोन भाग लोकांच्या बोलण्यात रूढ झाले. पक्क्या इमारतींचे आणि प्रामुख्याने युरोपीय वस्तीचे ‘सिमेंटचे शहर’ हा एक भाग, तर त्याच्या भोवती बोरूच्या काड्यांनी उभारलेल्या घरांचे, आफ्रिकी कष्टकऱ्यांचे ‘कानिसो’ म्हणजे ‘बोरूचे शहर’ हा दुसरा. स्वातंत्र्यानंतर काड्यांच्या जागी विटा आणि पत्रे आले. परंतु सांडपाण्याच्या वाहिन्या, रस्ते आणि पथदिवे यांबाबतची विषमता पुष्कळ अंशी तशीच राहिली. देशाच्या घटनेनुसार सर्व जमीन राज्याच्या मालकीची असून नागरिकांना केवळ वापराचा हक्क मिळतो. हा हक्क कागदोपत्री नोंदवलेला नसलेली कुटुंबे शहरांत मोठ्या संख्येने आहेत. सखल व पाणथळ जागाच त्यांना परवडत असल्याने पुराचा पहिला फटका त्यांना बसतो.

नैसर्गिक आपत्ती

लिंपोपो, सावे, बुझी, पुंग्वे, झांबेझी अशा अनेक मोठ्या नद्या शेजारी देशांतून वाहत येऊन मोझांबिकमध्ये समुद्राला मिळतात. त्यामुळे शेजारी देशांत झालेल्या अतिवृष्टीचाही पूर येथे येतो. फेब्रुवारी २००० मध्ये संततधार पाऊस आणि इलिन चक्रीवादळ यांमुळे आलेल्या महापुरात सुमारे ७०० लोक मरण पावले. मापुतोच्या पोलाना कानिसो भागात पावसाच्या लोंढ्याने वाळूची जमीन खचून प्रचंड घळ पडली व तिच्यात घरे आणि रस्ता वाहून गेला.

१४ मार्च २०१९ च्या रात्री इडाई चक्रीवादळ बेइरा शहराजवळ किनाऱ्यावर आदळले. पुंग्वे नदीच्या मुखाशी दलदलीच्या सखल भूमीवर वसलेल्या या शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५ लाख होती. वीज, दूरध्वनी आणि रस्ते एकाच वेळी बंद पडल्याने बेइराचा उर्वरित देशाशी संपर्क काही दिवस तुटला. वाऱ्याने घरांची छपरे उडवली. मात्र त्यानंतर पुंग्वे व बुझी या नद्यांना आलेल्या पुराने अधिक जीवितहानी केली. मोझांबिकमध्ये ६०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि १८ लाखांहून अधिक लोकांना मदतीची गरज निर्माण झाली. पाठोपाठ पटकीची साथ आली. तोंडावाटे द्यावयाच्या लसीची व्यापक मोहीम त्वरेने राबवल्यामुळे ही साथ आटोक्यात आली.

अवघ्या सहा आठवड्यांनी, २५ एप्रिल रोजी, केनेथ हे दुसरे तीव्र चक्रीवादळ उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात धडकले. एकाच हंगामात अशी दोन तीव्र वादळे देशाला धडकल्याची पूर्वीची नोंद नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये एलोईज वादळाने बेइरा परिसराला पुन्हा तडाखा दिला. २०२३ मध्ये पाच आठवड्यांहून अधिक काळ टिकलेले फ्रेडी वादळ फेब्रुवारीत आणि पुन्हा मार्चमध्ये असे दोनदा मोझांबिकच्या किनाऱ्यावर आले.

शहरी सुरक्षा

सर्व दुर्घटना निसर्गनिर्मित नव्हत्या. २२ मार्च २००७ रोजी मापुतोतील मालाझिने येथील लष्करी दारूगोळा कोठारात स्फोट होऊन १०० हून अधिक लोक ठार झाले. जुना दारूगोळा साठवलेल्या या कोठाराभोवती दाट लोकवस्ती वाढली होती. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी मुसळधार पावसात हुलेने येथील कचऱ्याचा डोंगर पायथ्याच्या घरांवर कोसळून किमान १६ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेला पाऊस निमित्त झाला. मात्र शहराचा कचरा वर्षानुवर्षे तेथेच साठत गेला होता आणि त्याच्या पायथ्याशी लोक राहत होते.

२०११ पासून मापुतो व अन्य शहरांत खंडणीसाठी व्यापारी आणि त्यांच्या कुटुंबीयांचे अपहरण करण्याचे प्रकार वाढले. बळी पडलेल्यांत भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. काही प्रकरणांत पोलीस कर्मचाऱ्यांवरही आरोप झाल्याने यंत्रणेवरील विश्वासाला तडा गेला. २०१४ मध्ये अपहरणाची प्रकरणे हाताळणारे न्यायाधीश दिनिस सिलिका यांची मापुतोत भरदिवसा गोळ्या झाडून हत्या करण्यात आली.

महागाईचाही शहरांच्या शांततेशी निकटचा संबंध आहे. सप्टेंबर २०१० मध्ये पाव, वीज व पाणी यांच्या दरवाढीविरुद्ध मापुतोत दंगली उसळल्या आणि सरकारला पावाची दरवाढ मागे घ्यावी लागली. २०१६ मध्ये सरकारी हमीवर गुप्तपणे घेतलेली कर्जे उघडकीस आली. परदेशी मदतीचा ओघ त्यानंतर आटला आणि सार्वजनिक सेवांसाठी उपलब्ध असलेला निधीही घटला.

दोन्ही संकटांचा संगम

५ ऑक्टोबर २०१७ रोजी मोसिंबोआ दा प्राया या बंदरगावावरील हल्ल्याने काबो देल्गादोतील सशस्त्र बंडखोरीस प्रारंभ झाला. मार्च २०२१ मध्ये नैसर्गिक वायू प्रकल्पानजीकच्या पाल्मा शहरावर हल्ला झाला. या संघर्षात लाखो लोक विस्थापित झाले आणि त्यांपैकी अनेकांनी पेंबा शहरात नातेवाइकांकडे किंवा छावण्यांत आसरा घेतला. परिणामी, वादळाच्या मार्गात असलेल्या शहरावर युद्धग्रस्तांचाही भार पडला.

९ ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर निकालावरून देशभर निदर्शने झाली व त्यांत शेकडो लोकांचा बळी गेला. हा असंतोष धुमसत असतानाच १५ डिसेंबर रोजी चिडो चक्रीवादळाने काबो देल्गादोत घरे जमीनदोस्त केली. त्याच महिन्यात, २५ डिसेंबर रोजी, मापुतोजवळील तुरुंगातून सुमारे १,५०० कैदी पळाले. मदतकार्य, कायदा व सुव्यवस्था आणि बंडखोरीचा बंदोबस्त या तिन्ही जबाबदाऱ्या शासनयंत्रणेवर एकाच वेळी येऊन पडल्या.

उपाययोजना

आपत्ती व्यवस्थापनासाठी १९९९ मध्ये राष्ट्रीय संस्था स्थापन करण्यात आली. चक्रीवादळाची पूर्वसूचना देण्यासाठी निळा, पिवळा आणि लाल असे तीन रंगांचे बावटे वापरले जातात. वादळ २४ ते ४८ तासांवर असताना निळा, सहा ते २४ तासांवर पिवळा आणि सहा तासांच्या आत येणार असेल तेव्हा लाल बावटा लावतात. वस्तीपातळीवरील स्वयंसेवकांच्या समित्या ही सूचना घरोघरी पोहोचवतात. वाचता न येणाऱ्यांनाही ती समजते, हे या पद्धतीचे बलस्थान आहे. तथापि, सुरक्षित निवारा जवळ नसेल किंवा घर सोडल्यास चोरीची भीती असेल, तर सूचना मिळूनही लोकांना घर सोडणे कठीण जाते.

बेइरा येथे जर्मनीच्या साहाय्याने शिवेवे नदीचे पात्र मोकळे करून भरती-ओहोटीचे पाणी नियंत्रित करणारी दारे बसवण्यात आली आणि काठावर उद्यान विकसित करण्यात आले. या कामांमुळे शहरातील पावसाच्या पाण्याचा निचरा सुधारला.

भारताशी संबंध

पोर्तुगीज काळात १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे. नंतरही अनेक गोमंतकीय नोकरी-व्यवसायानिमित्त तेथे स्थायिक झाले. इडाई वादळानंतर भारतीय नौदलाची ‘सुजाता’ व ‘शार्दूल’ आणि तटरक्षक दलाचे ‘सारथी’ ही जहाजे बेइरा येथे मदतीला पोहोचली. २०१६ च्या करारान्वये भारत मोझांबिकमधून तूर आयात करतो. त्यामुळे तेथील शेती, रस्ते आणि बंदरे यांच्या सुरक्षिततेशी भारतीय बाजारपेठेचाही संबंध येतो.