बोर्डीच्या वाळूत आणि मालवणच्या पाण्यात कॅमेरा

आज आत येतानाच दारात एका तरुणाने आम्हाला गाठलं. म्हणाला, "सर, मालवणला स्कूबा होतं, मग आपल्या बोर्डीला का नाही?" प्रश्न साधा आहे, पण आजचा अर्धा विषय त्यातच आहे, म्हणून तिथूनच सुरू करू.

आपल्या उत्तरेला खंबातचं आखात आहे. नर्मदा, तापी यांचा गाळ तिथे येतो आणि भरती-ओहोटीचा जोर इतका की तो खाली बसतच नाही. मालवणच्या मानाने आपल्याकडे पाण्याची चढ-उतारही बरीच मोठी. त्यामुळे बोर्डीचं पाणी घाण नाही, गढूळ आहे. बुडी मारली तर स्वतःचा हातही नीट दिसायचा नाही. मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, तळाला खडक आणि प्रवाळ आहे आणि पावसाळा सरल्यावर पाणी बरंच निवळतं. म्हणून बुड्या तिकडे.

पण निवळ पाणीसुद्धा फोटोग्राफरला फसवतं. आमचे पहिले फोटो सगळे निळे आले होते. कॅमेऱ्यात बिघाड आहे असं आम्ही दोन दिवस समजत होतो! खरं कारण असं, की पाणी लाल रंग आधी गिळतं. पाचएक मीटर खाली गेलात की लाल जवळजवळ संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. आणि हिशोब नुसत्या खोलीचा नाही. मासा तुमच्यापासून तीन मीटर लांब असेल तर तेवढं पाणीही मध्ये आहेच. म्हणून पाण्यात झूम निरुपयोगी. जवळ जायचं, हातभर अंतरावर, आणि प्रकाश स्वतःचा न्यायचा. फ्लॅश मात्र लेन्सच्या अगदी शेजारी नको, बाजूला लांब धरायचा. नाहीतर पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. आणखी एक गंमत: पाण्यात वस्तू असते त्यापेक्षा पाव हिश्श्याने जवळ भासते. हात पुढे केला की अंदाज चुकतो.

इथेच धोका आहे. जवळ जायचं म्हणजे प्रवाळाजवळ जायचं, आणि ज्याला पाण्यात एका जागी तरंगता येत नाही त्याचा पाय तिथे लागणारच. प्रवाळ दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि वर्षाला फार थोडी वाढते. मालवणचा तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, ते उगीच नाही. म्हणून आम्ही सांगतो, आधी तोल शिका, कॅमेरा नंतर. पहिल्या बुडीला प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो. त्या वेळी हातात कॅमेरा नकोच.

आता किनाऱ्यावर या. इथे नियम बरोबर उलटा: लांब राहायचं. हिवाळ्यात आपल्या ओल्या वाळूवर चिखल्या आणि तुतवार उतरतात. त्यांतले काही लडाख-तिबेटकडून, काही सैबेरियाकडून आलेले असतात. ओहोटीत ते खातात, भरतीत विसावतात. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून त्यांच्यामागे धावणारे आम्ही दर रविवारी बघतो. त्या पाखरांनी खाऊन साठवलेली ताकद अशा उड्डाणांत वाया जाते.

युक्ती वेगळी आहे. कोळ्यांचा जुना हिशोब तुम्हाला ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा. अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रत्यक्षात थोडं पुढेमागे होतं, म्हणून वेळापत्रकही बघा. म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास पहाटे ओहोटी, आणि सात ते नऊ पाणी चढत असतं. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, तेव्हा सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून पाखरांवर पडतं. सुरूच्या पुढे, वाळूत चुपचाप बसा. चढतं पाणी पाखरांना हळूहळू तुमच्याकडे आणतं. ती आपणहून आली तर बिचकत नाहीत. त्याच तिथीला सूर्यास्ताच्या सुमारास पुन्हा ओहोटी असते, आणि ओल्या वाळूत आकाश उतरतं. अष्टमीला मात्र त्याच वेळी पाणी तुमच्या पायाशी असेल. निसर्गदृश्य टिपणाऱ्याने पंचांग पाहावं, ते यासाठी. फक्त सपाट वाळूवर फार आत जाऊ नका. भरती नेहमी समोरूनच येते असं नाही, सखल भागातून ती तुमच्या मागेही शिरते.

शेवटी कासवांचं. पावसाळ्यात जखमी किंवा थकलेली समुद्री कासवं या पट्ट्यात वाहून येतात. लोक आधी मोबाईल काढतात, मग कासवाला परत पाण्यात ढकलतात. मंडळी, कासव फुप्फुसाने श्वास घेतं. दमलेलं कासव पाण्यात ढकललं तर ते बुडून मरू शकतं. त्याला सावलीत ठेवा, पाठीवर ओलं कापड टाका, नाक मोकळं राहू द्या आणि वनखात्याला कळवा. डहाणूला अशा कासवांवर उपचार होतात. फोटो दोनच काढा, एक वरून अख्ख्या पाठीचा, एक जखमेचा. उपचार करणाऱ्याला ते कामाला येतात. फ्लॅश बंद ठेवा, आणि गाडी येईपर्यंत गर्दी जरा मागे सारा.