सव्वा एकराभोवती वीस हजार

सव्वा एकर म्हणजे केवढं, हे सायखेड्याच्या शिवारात कुणाला सांगावं लागत नाही. हॉकीचं मैदान जवळपास तेवढंच: 91.4 मीटर लांब, 55 मीटर रुंद. आता त्याभोवती 20,011 खुर्च्या मांडा! ओडिशात राउरकेल्याचं बिरसा मुंडा स्टेडियम ते हेच. जानेवारी 2023 मध्ये उघडलं आणि या खुर्च्यांच्या जोरावर थेट गिनीज बुकात गेलं.

एवढी माणसं लालपरीत बसवायची तर 44 सीटांच्या हिशेबाने 455 गाड्या लागतील. अकरा मीटरची एक गाडी धरा, खेटून उभ्या करा, तरी रांग पाच किलोमीटर! सायखेड्यातून निघालं की गोदावरीचा पूल संपला, चांदोरी मागे पडली, रांग आपली चालूच.

आणि पाणी? हॉकीचं टर्फ ओलं लागतं. नुसता एक मिलिमीटर थर द्यायचा तरी 5,000 लिटर. तीन मिलिमीटर धरा, सामन्याआधी एकदा, मध्यंतराला एकदा: 30,000 लिटर, म्हणजे दहा हजारी तीन टँकर. 2023 च्या विश्वचषकाचे 20 सामने राउरकेल्यात झाले. सहा लाख लिटर! वीस फूट रुंदीची, चाळीस फूट पाण्याची विहीर तळाला जाईल आणि दुसरीही अर्ध्याच्या खाली येईल.

गोलकीपर सोडून मैदानात वीस जण. प्रत्येकी साडेसात किलोमीटर पळणं धरा. तासाभराच्या खेळात सगळ्यांचं मिळून मुंबई-पुणे!

चेंडू मात्र 156 ते 163 ग्रॅमचा, चाळीतल्या निवडक मोठ्या कांद्याएवढा. ड्रॅग फ्लिकने तो ताशी शंभरच्या पुढे सुटतो. गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, म्हणजे डीच्या, कडेपासून गोल 14.63 मीटर. गोलकीपरच्या हाती उरतो अर्धा सेकंद!

आता या वीस हजार खुर्च्या भरल्या कुणी? 1982 चा विश्वचषक मुंबईत झाला, पण मुंबईची गोष्टच वेगळी. राउरकेला हे पोलाद कारखान्याचं शहर, सुंदरगढ या आदिवासी जिल्ह्यातलं. इथे गावोगाव हॉकीच्या स्पर्धा भरतात, जिंकणाऱ्या संघाला बोकड मिळतो, आणि सामना बघायला आख्खं गाव लोटतं. माझ्या मते या खुर्च्या खऱ्या त्या गावांनीच भरल्या.

13 जानेवारी 2023. समोर स्पेन. बाराव्या मिनिटाला भारताचा पहिला गोल, आणि वीस हजार गळे एकदम फुटले! गोल कुणाचा? अमित रोहिदासचा, याच सुंदरगढ जिल्ह्यातल्या पोराचा.